भूगर्भशास्त्राचा विभाग बंद करू नका: माजी विद्यार्थिनीचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व सदस्य, व्यवस्थापन मंडळ,
मा. प्राचार्य,
तसेच विद्यापीठाच्या विज्ञान शाखेचे अभ्यासक्रम ठरवणारे सर्व मान्यवर,
नागपूर.

विषय: बी.एस्सी.च्या भूगर्भशास्त्र विषयाचे प्रवेश थांबवण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

सन्माननीय महोदय, महोदया,

पुढच्या सत्रापासून भूगर्भशास्त्राला प्रवेश दिले जाणार नाहीत, अशी सूचना आपल्या महाविद्यालयाच्या फलकावर लागली आहे. कारण दोन शब्दांचं आहे: अल्प प्रतिसाद. विभागाची प्रयोगशाळा एका नव्या स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमाच्या संगणकांसाठी रिकामी करायची आहे, असं शिक्षकांना तोंडी सांगितलं गेलं. आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी रीतसर अर्ज दिला, भेटीची वेळ मागितली. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम टाळलं आहे. मला कुणाची बदनामी करायची नाही, निर्णय बदलून हवा आहे.

माझा या गोष्टीशी काय संबंध, ते आधी सांगते. मी नरखेड तालुक्यातल्या संत्रा बागायतदाराची मुलगी. आमच्या भागात बोअर फेल जाणं हे घरातल्या आजारपणासारखं असतं. पैसा जातो, झोप जाते आणि शेवटी झाडं जातात. बारावीनंतर मी आपल्या महाविद्यालयात आले तेव्हा जिऑलॉजी हा विषय असतो हेही मला ठाऊक नव्हतं. प्रवेशाच्या खिडकीवर ज्या ग्रुपमध्ये जागा होत्या तो घेतला, इतकंच. त्या विषयाने मला पोटापाण्याचा धंदा दिला. आज मी काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात भूजल सर्वेक्षणाचं काम करते.

त्या कामातलं एक उदाहरण देते, म्हणजे हा विषय कशाशी जोडलेला आहे ते लक्षात येईल. बोअरची गाडी शेतात उभी असते, कॉम्प्रेसर धडधडत असतो आणि खड्ड्यातून खडकाची भुकटी उडून बाहेर पडत असते. शेतकरी बांधावर उभा असतो. दर फुटाला त्याचे पैसे जात असतात. तो विचारतो, "मॅडम, थांबू की अजून जाऊ?" त्या क्षणी मला मूठभर भुकटी हातात घेऊन उत्तर द्यायचं असतं. करडी, एकसारखी, कोरडी भुकटी येत असेल तर बिट, म्हणजे खोदणारं टोक, घट्ट पाषाणात आहे. रंग विटकरी झाला की लाव्हाच्या दोन थरांमधली लाल माती लागली. तिच्या खाली बहुतेक वेळा पुढच्या थराचा वरचा, पोकळ्यांनी भरलेला भाग असतो. त्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. त्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतील, तर तिथं पाणी मिळतं. भुकटीत झिओलाइटचे, म्हणजे पोकळ्यांत साचणाऱ्या खनिजाचे, पांढरे कण जास्त दिसले तर पोकळ्या भरून गेल्या आहेत, फार आशा धरू नये. हे सगळं मी आपल्याच विभागात शिकले, हातात भिंग आणि समोर दगड ठेवून. नारळ घेऊन शेतात फिरणाऱ्या पाणाड्याला मी नावं ठेवत नाही. लोक त्याच्याकडे जातात, कारण त्यांना दुसरं कुणी उपलब्ध नसतं. आता आपण जी माणसं तयार होण्याची सोय बंद करता आहात, ती हीच दुसरी माणसं आहेत.

वरूड-मोर्शी भागात भूजलाचा अतिउपसा झाल्याची नोंद सरकारी अहवालांत वर्षानुवर्षं आहे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा ६० मीटर किंवा त्याहून जास्त खोलीच्या विहिरीला खोल विहीर मानतो. ६० मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. प्रत्यक्षात शेतकरी हजार फुटांपर्यंत जातात. कायदा कागदावर राहतो, कारण गावात उभं राहून "इथं याच्या खाली काही नाही" असं कारणासहित सांगणारं माणूस नसतं.

आता नागपूरबद्दल. हे शहर ज्या जमिनीवर उभं आहे, तशी जमीन भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या फार थोड्या शहरांच्या वाट्याला आली आहे. दख्खनच्या बेसॉल्टची पूर्वेकडची कड इथंच संपते. सीताबर्डीची टेकडी त्या लाव्हाची, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. शहराच्या पूर्वेला निघालात की त्याहून कितीतरी जुना नाइस हा पट्टेदार खडक लागतो. उत्तरेला कामठी, सिल्लेवाडा, सावनेर या बाजूला गोंडवाना काळातले वालुकाश्म आणि दगडी कोळसा. रामटेकच्या वाटेवर मनसर, कांद्रीला मॅंगनीज, तेही शंभर कोटी वर्षांच्या मागे साचलेल्या गाळातून तयार झालेल्या खडकांत. सकाळी बस काढली तर संध्याकाळपर्यंत विद्यार्थ्याला हे सगळं दाखवून परत आणता येतं. दुसऱ्या शहरांतले विभाग यासाठी आठवडाभराची सहल काढतात.

स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने हे १८५० च्या आसपासच ओळखलं होतं. त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. टाकळी आणि सीताबर्डीजवळ लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेले गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म त्यांनी जगापुढे ठेवले. एक लाव्हाप्रवाह थंड झाला, त्यावर तळी साचली, तळ्यांत गोगलगायी वाढल्या आणि मग पुढचा लाव्हा आला, हे त्या शंखांवरून कळतं. टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवतीची दगडांची वर्तुळं, उकरून परत येताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप बुडाले. भूवैज्ञानिक लुईस ली फर्मोर यांनी इथल्या आणि देशातल्या मॅंगनीजवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९०९ चा. त्याच परंपरेत आपला विभाग आहे, आणि तो एका सूचनेने संपतो आहे.

आणि या शहरात कार्यालयं तरी किती! इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, मॅंगनीज काढणारी मॉइल, कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स, खनिज शोधाचं काम करणारी एमईसीएल, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था, या सगळ्यांची मुख्यालयं नागपुरात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा मध्य विभाग सेमिनरी हिल्सला. केंद्रीय भूजल मंडळाचं प्रादेशिक कार्यालय इथं. राज्याचं सुदूर संवेदन केंद्र इथं. भूवैज्ञानिकांना काम देणारी इतकी दारं एका गावात असताना विषयाला भवितव्य नाही, असं विद्यार्थ्यांना कुणी सांगितलं? आपल्या प्रवेश पुस्तिकेत या कार्यालयांचा एका ओळीनेही उल्लेख नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

इथून माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार या "अल्प प्रतिसाद" शब्दांबद्दल आहे. प्रतिसाद कमी झाला हे खरं. तो का झाला, हे आपण विचारलं नाही. कायम शिक्षक निवृत्त होत गेले, त्या जागा भरल्या नाहीत. तासिका तत्त्वावरचे शिक्षक सत्र सुरू होऊन महिने लोटल्यावर येतात, सत्र संपण्याआधी त्यांचं काम संपतं आणि पुढच्या वर्षी तेच येतील याची खात्री नसते. मानधनासाठी त्यांना हेलपाटे घालावे लागतात. असा माणूस मनापासून शिकवतो, आणि माझ्या ओळखीतले शिकवतातही. पण संशोधनाचा प्रकल्प तो कोणत्या भरवशावर मांडणार? खडकातली खनिजं ओळखायच्या ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकांपैकी चालू किती, ते एकदा स्वतः प्रयोगशाळेत जाऊन बघा. त्यासाठी खडकाचे पातळ छेद तयार करायचं यंत्र बंद पडलं ते पडलंच. एवढी उपासमार केल्यावर विषय अशक्त दिसणारच. त्या अशक्तपणाचं कारण पुढे करून तो बंद करणं न्यायाचं नाही.

दुसरी तक्रार क्षेत्रभेटींची. आमच्या वेळी त्या सक्तीच्या होत्या. आधी त्या ऐच्छिक केल्या, मग खर्च विद्यार्थ्यांवर टाकला, आणि आता चित्रफीत दाखवून भेट झाल्याची नोंद होते. ज्याने उतार मोजणारा क्लायनोमीटर उघडून कलत्या थरावर टेकवला नाही, घाम पुसत स्ट्राइक आणि डिप, म्हणजे थराची दिशा आणि कल, वहीत लिहिला नाही, त्याला पदवी देणं म्हणजे त्याचीच फसवणूक आहे. मुलींच्या बाबतीत मला आणखी बोलायचं आहे. क्षेत्रभेट ऐच्छिक झाली की सगळ्यांत आधी मुली गळतात, कारण घरून परवानगी मिळत नाही. सक्तीची असली की वडिलांना सांगता येतं, "बाबा, गेले नाही तर मार्क जातील." मी हेच सांगून गेले होते. त्या एका नियमामुळे खेड्यातल्या कितीतरी मुली पहिल्यांदा बूट घालून टेकडी चढल्या. तो नियम काढताना हा विचार कुणाच्या मनात आला होता का?

तिसरी गोष्ट नमुन्यांची, आणि ती लिहिताना मला त्रास होतो आहे. विभागातली लाकडी कपाटं हलवायला सुरुवात झाली आहे. मी गेल्या महिन्यात तिथं गेले होते. मनसरचा गोंडाइट हा मॅंगनीजचा खडक, कुही-खोबन्याचा टंगस्टनवाला क्वार्ट्झ, उमरेडच्या कोळशाच्या छतातली पानांचे ठसे असलेली शेल, म्हणजे चिखलाचा पापुद्र्यांचा खडक, टाकळीच्या गारगोटीत अडकलेले शंख, हे सगळं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये एकावर एक भरलं होतं. प्रत्येक नमुन्याखाली एक चिठ्ठी असायची. जुन्या शिक्षकांच्या टपोऱ्या अक्षरांत गाव, नाला, थर, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. त्या चिठ्ठ्या कपाटाच्या तळाशी वेगळ्या पडल्या होत्या. काही फरशीवर होत्या. झाडू मारणाऱ्या मावशींनी त्या गोळा करून एका पाकिटात ठेवल्या, त्यांना मी हात जोडले. कुठून आणला ते ठाऊक नसलेला नमुना अभ्यासाच्या कामाचा राहत नाही. तो गिट्टीत जमा होतो. टाकळीची ती जागा आज वस्तीखाली गेली आहे. तिथून नवा शंख आता कुणीही आणू शकणार नाही. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याचे डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्मही त्याच क्रेटमध्ये होते. पिसदुऱ्याच्या अशाच जीवाश्मांत लखनऊच्या बिरबल सहानी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं, ते गवत खातही होते, हे २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातून जगाला कळलं. त्याआधी गवताचा इतका जुना ठोस पुरावा हाती नव्हता. असे नमुने ज्या संस्थेकडे आहेत, तिने ते क्रेटमध्ये कोंबावेत?

चौथं, हा निर्णय एका विषयापुरता थांबत नाही. एम.एस्सी. जिऑलॉजीला बी.एस्सी.ला जिऑलॉजी घेतलेली मुलं येतात. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात भूवैज्ञानिक व्हायचं तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा द्यावी लागते आणि तिला या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. खालची पायरी काढली की वरच्या पायऱ्या आपोआप रिकाम्या होतात. मग काही वर्षांनी विद्यापीठही म्हणेल, पदव्युत्तरला अल्प प्रतिसाद. विद्यापीठाच्या मान्यवरांना हे पत्र त्यासाठीच आहे. संलग्न महाविद्यालयाने विषय बंद केला की तो महाविद्यालयाचा अंतर्गत मामला, असं कृपया समजू नका.

वेळ तरी बघा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. तिच्यात टंगस्टन आहे, आणि कुही-खोबना आपल्याच जिल्ह्यात आहे. गडचिरोलीत सुरजागडच्या लोखंडाचा उपसा सुरू आहे. तिथल्या ग्रामसभांना खाणीच्या अहवालातला नकाशा वाचून दाखवणारी, त्यांच्या बाजूने प्रश्न विचारणारी मुलं कुठून येणार? चंद्रपूर, यवतमाळच्या गावांतल्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते कोणत्या खडकातून येतं आणि कोणत्या खोलीवर टाळता येतं, हा स्थानिक संशोधनाचा विषय आहे. आणि २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट या शहरात कोण विसरलं असेल? अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी लोकांच्या घरांत शिरलं. या शहरात कुठली माती पाणी पिते आणि कुठला खडक ते जसंच्या तसं पुढे ढकलतो, याचा वॉर्डनिहाय नकाशा आपल्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून करायला हवा होता. अजूनही करता येईल, विभाग राहिला तर.

पैशाचा प्रश्न खोटा आहे, असं मी म्हणत नाही. अनुदानाची तंगी मला कळते, आणि संगणकाचा अभ्यासक्रम फी मिळवून देतो हेही कळतं. पण वाटा बंद नाहीत. २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. प्रमुख खनिजांचे खाणपट्टाधारक रॉयल्टीच्या १० किंवा ३० टक्के रक्कम त्यात भरतात, आणि खर्चाच्या प्राधान्यक्रमात शिक्षण आहे. खाणींच्या गावांतल्या मुलामुलींना खाणीचं शास्त्र शिकवण्यासाठी त्या निधीतून शिष्यवृत्ती आणि क्षेत्रभेटींचा खर्च मागणारा प्रस्ताव आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे कधी पाठवला आहे का? वर ज्या कार्यालयांची नावं घेतली, त्यांच्याकडून निवृत्त झालेल्या भूवैज्ञानिकांची मोठी फळी याच शहरात राहते. त्यांतल्या अनेकांशी मी बोलले आहे. आठवड्यातला एखादा तास शिकवायला ते तयार आहेत. त्यांना कुणी बोलावलंच नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

प्रवेश थांबवण्याची सूचना मागे घ्या आणि येत्या सत्राचे प्रवेश नेहमीप्रमाणे द्या.

नमुन्यांची हलवाहलव आजच थांबवा. चिठ्ठ्या आणि नमुने पुन्हा जुळवून, छायाचित्रांसह यादी पूर्ण होईपर्यंत एकही दगड इमारतीबाहेर जाता कामा नये. हे काम आम्ही माजी विद्यार्थी विनामोबदला करू. आम्हाला फक्त खोलीची किल्ली आणि सुट्टीच्या दिवशी परवानगी द्या.

रिक्त कायम पदांचा प्रस्ताव शासनाकडे कधी पाठवला, पाठवला असेल तर कुठे अडला, हे जाहीर करा. पदं भरेपर्यंत तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची नेमणूक सत्राच्या पहिल्या दिवसापासून करा आणि त्यांचं मानधन दर महिन्याला द्या.

क्षेत्रभेट पुन्हा सक्तीची करा, तिचा खर्च संस्थेने उचला आणि खनिज प्रतिष्ठानाकडे प्रस्ताव पाठवा. मुलींसाठी सोबत महिला शिक्षिका असेल, हे लेखी द्या. पालकांचा निम्मा विरोध तिथंच मावळतो.

बंद यंत्रं दुरुस्त करायला किती खर्च येतो, त्याचा अंदाज मागवा. आकडा समोर आला तर माजी विद्यार्थी आपला वाटा उचलतील.

विद्यापीठाकडे एकच मागणी: संलग्न महाविद्यालयाला असा मूलभूत विषय बंद करायचा असेल, तर त्याआधी विभागाची प्रत्यक्ष पाहणी आणि विद्यार्थी, माजी विद्यार्थी, शिक्षक यांची जाहीर सुनावणी बंधनकारक करा. नव्या शैक्षणिक धोरणाने मुलांना विषय निवडायची मोकळीक दिली आहे. इतिहासाच्या, शेतीच्या, सिव्हिलच्या मुलालाही दोन क्रेडिटचं भूगर्भशास्त्र घेता यावं, असा पेपर तयार करा. तो कसा असावा याचा मसुदा आम्ही लिहून देतो.

आणि ज्या बैठकीत हा निर्णय झाला, तिचं इतिवृत्त प्रसिद्ध करा. विभागाची बाजू तिथं कुणी मांडली, हे आम्हाला जाणून घ्यायचं आहे.

प्रवेशाचे अर्ज सुटण्याआधी आम्हाला भेटीची तारीख द्यावी, ही विनंती. आम्ही नागपुरात आहोत, काही जण उमरेड, वणी, बल्लारपूरच्या खाणींवर आहेत. तारीख कळली की सगळे रजा टाकून येतील. येताना नमुन्यांच्या यादीचा कोरा तक्ता आणि नव्या पेपरचा मसुदा सोबत आणू.

आपली,
भूगर्भशास्त्र विभागाची एक माजी विद्यार्थिनी,
नागपूर